बोटांना बारा दिवस सुट्टी

रविवार, ३ मार्च

आधी आली ती नर्सबाईची आई. तीन जिने चढून दारात उभी राहिली आणि दम लागल्यामुळे नुसतीच माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटलं, काहीतरी विकणारी. म्हटलं, "बाई, आम्हाला काही घ्यायचं नाही." तेव्हा कुठे तिला श्वास सापडला. "अहो, घ्यायचं कुठे, द्यायचंय! तुमच्या नातीचे फोटो!" मग काय, हाताला धरून आत ओढलीच तिला. लेक मागून आली, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून.

ही लेक म्हणजेच नर्सबाई. आमची मुलगी ठकी परदेशात ज्या दवाखान्यात बाळंत झाली, तिथे ही नोकरीला आहे. महिनाभर रजेवर आईकडे आली आहे. एवढ्या परक्या मुलखात आपल्या भाषेत बोलणारी नर्स मिळाली, नशीबच म्हणायचं ठकीचं.

चार फोटो. नात म्हणजे लोण्याचा गोळा. नाक माझं. आमचे हे म्हणाले, नाक त्यांचं. ह्यांना ऐकू येत नाही, छपाईच्या मशीनशेजारी पस्तीस वर्षं कागद कापून कान गेले, त्यामुळे नाकावरून वाद घातला तरी ते जिंकतात, कारण माझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. वर स्वतः एवढ्या मोठ्याने बोलतात की खालच्या मजल्यालासुद्धा आता नाक कुणाचं ते माहीत झालं.

नर्सबाईची आई माझ्यासारखीच, तोंडाला कुलूप नाही. आमची अशी जुळली की चहा दोनदा झाला. नर्सबाई मात्र बिस्किटाचे तुकडे करत होती, खात नव्हती. मध्येच म्हणाली, "मावशी, तुम्ही कधी निघणार?" मी सांगितलं, बुधवारी व्हिसाच्या ऑफिसात बोटांचे ठसे द्यायचे, मग व्हिसा, मग तिकीट, मग सहा महिने नातीजवळ मुक्काम. ती म्हणाली, "जमेल तितक्या लवकर जा." मी विचारणार होते, एवढी घाई का, पण तिची आई थंडीच्या कपड्यांवर गेली आणि मीही तिच्यामागे गेले.

दोनदा नर्सबाई म्हणाली, "मावशी, जरा आत येता का?" मला वाटलं, बाथरूमला जायचं असेल, लाजत असेल. दाखवलं. गेली बिचारी, आली.

निघताना तिच्या तिकडच्या घरचा पत्ता आणि फोन लिहून दिला. ठकीच्या घरापासून पायी दहा मिनिटं. म्हणाली, "हा कागद तुमच्याजवळच ठेवा. कुणाला दाखवू नका." आता मला जावई न्यायला येणार, मी हिचा पत्ता घेऊन काय करू? पण घेतला. आलेल्या माणसाचं मन मोडू नये.

सोमवार, ४ मार्च

ही वही माझी मीच बांधलेली. बाइंडिंगखान्यात चाळीस वर्षं फर्मे मोडले. छापलेला मोठा कागद येतो, त्याच्या घड्या घालून सोळा पानं करायची, तो फर्मा. शाळा माझी तिसरीपर्यंत, बाकीचं वाचायला मी फर्म्यांवरच शिकले. पण माझ्या टेबलावर सोळाच पानं यायची. बाई घर सोडून निघाली, स्टेशनवर बसली, आणि पुढची सोळा पानं पलीकडच्या टेबलावर. किती बायका मी अशा स्टेशनवर बसवून ठेवल्या असतील! म्हणून ठरवलं, स्वतःचा प्रवास सुरुवातीपासून लिहायचा, मधलं पान सुटू द्यायचं नाही.

आज दुपारी ठकीचा फोन आला, चेहरा दिसतो तो. म्हणजे जावईबापूंचा फोन. ठकीचा फोन ते स्वतःकडे ठेवतात, बाळंतिणीच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. आमच्या वेळी अशी काळजी कोण घेत होतं! बाजारहाट तेच करतात, तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जातात, बाळ आणि बाळंतीण घरात, कुणी उपटसुंभ येऊ नये म्हणून. नातीचं नाव अजून ठरलं नाही, तेही तेच ठरवतायत. ठकी काही सुचवत होती तर म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" आणि हसले. मीही हसले. ठकीला लहानपणी बाहुलीचं नावही सुचायचं नाही.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "पोरगी हसत नाही."

मी कानाशी जाऊन ओरडले, "झोप नाही तिला! तुम्हाला ऐकू येत नाही, मग कळणार काय?"

"ऐकू येत नाही म्हणून बघतो," म्हणाले. "बोलायच्या आधी त्याच्याकडे बघते."

नवऱ्याकडे बायकोने बघू नये तर कुणाकडे बघावं?

बुधवार, ६ मार्च

माझी बोटंच लागेनात.

व्हिसाच्या ऑफिसात काचेची छोटी पेटी. त्यावर बोटं ठेवायची, हिरवा दिवा लागला की झालं. सगळ्यांचा लागतो. माझा लाल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, पुन्हा." लाल. "घट्ट दाबा." लाल. "हळू दाबा." लाल. मागे रांग वाढली. एक गृहस्थ घड्याळ बघून खोकू लागले. मुलीने माझा हात उलटा करून बघितला. "आजी, काय काम करत होता तुम्ही?"

"पुस्तकं बांधत होते."

"ठसे झिजलेत तुमचे. कागदाने झिजतात."

माझ्या बोटांवर मीच नाही, असं काहीतरी झालं बघा. बारा दिवसांनी परत बोलावलं. तोवर बोटांना सुट्टी. भांडी नाहीत, कपडे नाहीत, सकाळ-संध्याकाळ तेल चोळायचं. तेव्हाही नाही लागले तर अर्ज बाद, मग डॉक्टरचा दाखला घेऊन नव्याने सगळं, दोन-तीन महिने सहज.

दोन-तीन महिन्यांत नात उपडी पडायला लागेल. जिन्यावर बसून रडले थोडी. ह्यांनी पाठीवर हात ठेवला आणि "रडू नकोस" असं म्हणाले, जे सगळ्या इमारतीने ऐकलं.

गुरुवार, ७ मार्च

जावईबापूंना सांगितलं. म्हणाले, "राहू द्या ना आई. या वयात कशाला एवढी दगदग? इथे मी आहे की सगळं बघायला." आवाजावरूनच कळलं, किती हलकं वाटलं त्यांना! स्वतःवर एवढं ओझं घेऊन वर माझी काळजी. ठकीला म्हटलं, "ऐकलंस का गं?" ती म्हणाली, "हो आई." मग बाळ रडलं आणि फोन बंद झाला.

रविवार, १० मार्च

बोटांना सुट्टी म्हणजे घराची दैना. हे भांडी घासतात ते ढोल वाजवल्यासारखे. काल कपड्यांना निळा रंग लागला, ह्यांचे बनियन आता आकाशाचे. मी खुर्चीत बसून दहा बोटं मांडीवर पसरून ठेवते, जशी काय वाळत घातली आहेत. शेजारीण बघून गेली, म्हणाली, "राणीसाहेब!" म्हटलं, "ये, तेल चोळ."

पण मनाची सुट्टी कुठे आहे? रोज सकाळी उजेडात नेऊन बोटं बघते. कधी वाटतं, रेषा आल्या. कधी वाटतं, सुरकुत्याच आहेत.

बुधवार, १३ मार्च

नर्सबाईचा फोन. "मावशी, ठकीशी बोलणं झालं का? माझा फोन ती उचलत नाही. मेसेजही वाचलेला दिसत नाही."

मी डोळ्यांच्या त्रासाचं सांगितलं. ती म्हणाली, "मी अठ्ठावीसला, गुरुवारी परत जातेय. तुमचं तोवर झालं तर माझ्याबरोबरच चला. नक्की."

सोबत झाली तर छानच. पण ते "नक्की" तिने एवढं जोर देऊन का म्हटलं?

गुरुवार, १४ मार्च

आज ठकी पाच मिनिटं फोनवर होती. मी ह्यांच्या निळ्या बनियनचं सांगत होते. जावईबापू पाण्याचा ग्लास आणायला वळले तेवढ्यात, हे म्हणतात, ठकीने आवाज न काढता ओठ हलवले. "आई, ये" असं म्हणाली.

मला तर काही दिसलं नाही, मी बोलत होते. आणि म्हणाली असेल तर काय नवल? बाळंतीण लेक आईला ये म्हणणारच. पण मग मोठ्याने का नाही म्हणाली, असं हे विचारत होते, आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिथे मला काही काम नव्हतं.

शनिवार, १६ मार्च

लिहायला लाज वाटते, पण मधलं पान सोडायचं नाही.

आज हे बाहेर गेले आणि मी कपाटातून चांगला जाड कागद काढला. नातीच्या फोटोंसाठी एवढीशी वही बांधायला घेतली. म्हटलं, एकच फर्मा. मग दुसरा. मग शिवण. मग खळ शिजवली, पुठ्ठा लावला. काय सुंदर झाली! दहा दिवसांनी हाताला काम मिळालं तर हात गाणंच म्हणायला लागले. आणि मग बोटांवरची वाळलेली खळ सोलताना बघितलं, तेलाने मऊ केलेली कातडी तिच्याबरोबर सुटून येत होती.

हे आले. वही बघितली, माझी बोटं बघितली. ओरडतील असं वाटलं होतं. काही बोलले नाहीत. ह्यांचं न बोलणं मला सहन होत नाही, सवय नाही.

सोमवार, १८ मार्च

जे झालं ते झालं तसं लिहिते.

तीच मुलगी, तीच पेटी. लाल. लाल. मुलीने आतून मोठ्या बाईंना बोलावलं. त्यांनी ओल्या कपड्याने माझी बोटं पुसली, एकेक बोट स्वतः धरून काचेवर टेकवलं. लाल. त्या म्हणाल्या, "आजी, तुमचं बोट सरकतंय. टेकवलं की उजवीकडे जातं."

बरोबरच आहे. फर्म्याची घडी तशीच दाबायची असते, टेकवायचं आणि उजवीकडे ओढायचं. चाळीस वर्षं. सपाट काही दिसलं की हात आपोआप जातो. ठसे झिजले होतेच, पण खोड माझ्या हाताची होती! "थांबवा," त्या म्हणाल्या. मी थांबवायला गेले तर जास्तच सरकायला लागलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, बाद लिहू का?"

ह्यांना ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. आणि हे बोलले. बोलले म्हणजे काय, अख्खा हॉल वळला.

"बाद लिहू नका! माझी लेक तिकडे कोंडलेली आहे! तो बाहेरून कुलूप लावतो तिला! फोन काढून घेतलाय! ती हसत नाही! हिला कळत नाही, हिला वाटतं तो काळजी घेतो! माझं ऐकत नाही ही! हिला पाठवा, बाई, मला तिकडे कुणाचं बोललेलं ऐकू यायचं नाही, हिला पाठवा!"

कुणी खोकलंसुद्धा नाही. एक रखवालदार पुढे आला होता तो तिथेच थांबला.

मला फक्त ह्यांची हनुवटी दिसत होती, बोलणं थांबलं तरी हलत होती. सदतीस वर्षांत मी ती अशी कधी हलताना बघितली नव्हती.

मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "आजी, खाली बघा."

माझा हात काचेवर होता. त्यांनी कधी ठेवला, मला कळलंच नाही. सरकत नव्हता. दगडासारखा पडला होता. हिरवा दिवा लागला होता.

दुसरा हातही तसाच दिला. मग अंगठे. सगळे लागले.

हे "कोंडलेली" म्हणाले. मी तो शब्द लिहिला, पण अजून वाचला नाही.

मंगळवार, १९ मार्च

मीच नर्सबाईला बोलावलं. आईला न आणता ये म्हटलं. आली. मी म्हणाले, "तू त्या दिवशी आत ये म्हणालीस आणि मी तुला बाथरूम दाखवलं. आता सांग." आणि गप्प बसले. इतकी गप्प मी भूल दिल्यावरही नसेन.

दवाखान्यात ठकी तिला रोज विचारायची, माझी आई कधी येईल? जावई खोलीत आले की गप्प व्हायची. घरी जायच्या दिवशी तिने नर्सबाईचा हात सोडला नाही. तिकडे अशा बायकांना मदत करणारी माणसं आहेत, त्यांचं कामच ते आहे. पण ठकीने स्वतः तोंड उघडायला हवं. एकटी असताना ती उघडणार नाही. "आपलं माणूस शेजारी असलं की बोलतात, मावशी. मी बघितलंय."

मी विचारलं, "आणि नवरा-बायकोचं नुसतं भांडण असेल तर?"

"तर तुम्ही नात खेळवून परत या. माझी काही हरकत नाही."

मला अजून वाटतं, तसंच असेल. वाटावं म्हणून वाटतं, की खरंच वाटतं, ते मला सांगता येत नाही. जावईबापू मला आई म्हणतात. पण जाताना नर्सबाईने एक अट घातली. व्हिसा मिळाला तरी ते जावयाला कळता कामा नये. "मावशी, तुमच्या पोटात राहील ना?"

माझ्या पोटात! ज्या बाईने स्वतःच्या लग्नाची साडी मैत्रिणींना आधी दाखवली आणि आईला नंतर!

शुक्रवार, २२ मार्च

व्हिसा आला. गुरुवारचं तिकीट काढलं, नर्सबाईच्या शेजारची जागा. शेजारणीला सांगितलं नाही. जिन्यात भेटली तेव्हा तोंडावर पदर धरून खोकत गेले. आता ती सगळीकडे सांगते आहे की मला काहीतरी लागण झाली.

रविवार, २४ मार्च

फोन येणार म्हणून सकाळपासून चारदा फोन पुसून ठेवला. आला. जावईबापूंनी पहिलंच विचारलं, "आई, त्या बोटांचं काय झालं?"

खोटं मला बोलता येत नाही. गप्प बसता येत नाही. मग जे येतं तेच केलं. म्हटलं, "अहो जावईबापू, बोटांचं काय सांगू! ह्यांनी भांडी घासली, तीन पेले फुटले, त्यातला एक तुमच्या लग्नातला, तो निळ्या काठाचा, आठवतो का? नाही, काठाचा दुसरा, हा ठिपक्यांचा..." आणि जी सुटले! पेल्यावरून बनियनवर, बनियनवरून नळाच्या गळतीवर, गळतीवरून नळवाल्याच्या मेव्हणीवर. नळवाल्याला मेव्हणी आहे की नाही मला माहीत नाही. जावईबापू दोनदा "हो, पण आई" म्हणाले. मी थांबले नाही. ते जांभया द्यायला लागले. शेवटी "घ्या, लेकीशीच बोला" म्हणून फोन ठकीपुढे उभा करून ठेवला आणि तिथेच बाजूला पेपर उघडून बसले.

ठकी समोर. नात मांडीवर. आणि मला आता काहीच बोलता येईना. सगळं संपलं होतं.

तेवढ्यात हे माझ्या मागून पुढे वाकले. आयुष्यभर ओरडून बोलणारा माणूस. तोंड मोठं उघडून, अगदी सावकाश, एकेक अक्षर, ह्यांनी म्हटलं: गुरुवारी. निघतेय. आवाज एवढासाही नाही. मला वाटलं, माझेच कान गेले.

ठकीने बघितलं. मग खाली नातीकडे बघितलं आणि हसली. दात दिसले.

बाजूने आवाज आला, "काय झालं हसायला?"

"काही नाही," ठकी म्हणाली. "बाळ शिंकलं."

नात शिंकली नव्हती. मी बघत होते, या वेळी मी बघत होते.

फोन बंद झाल्यावर मी दार लावून घेतलं आणि तो सोमवारचा शब्द वाचला.

मंगळवार, २६ मार्च

दुपारी मायलेकी आल्या. आज आई मागे राहिली आणि लेकच आधी वर आली. बॅग तोलली, दोन किलो जास्त. दुपटी ठेवली, माझी चादर काढली. नर्सबाईने सगळं नीट सांगितलं. उतरल्यावर जावयाला फोन करायचा नाही, आधी तिच्या घरी जायचं. शुक्रवारी ते कामावर गेले की ती, मी आणि ते मदतवाले दोघं ठकीच्या दाराशी. मी म्हटलं, "बाहेर कुलूप असेल." ती म्हणाली, "म्हणूनच ते दोघं, मावशी. तुम्ही फक्त दाराबाहेरून बोला. तिला तुमचा आवाज ऐकू येऊ दे. बाकी ठकी ठरवेल."

दाराबाहेरून काय बोलू, ते कालपासून शोधते आहे. मला, शब्द शोधायला लागतायत!

भीती वाटते, हे खरं. जावई चांगला निघाला तर मी कुठे तोंड लपवू, आणि नाही निघाला तर एवढे दिवस मी कुठे बघत होते? दोन्हीकडून मीच. पण एक कबूल करते, लाज वाटली तरी. मध्येच कधीतरी सगळं विसरते, आणि नात हातात घेणार या विचाराने एकटीच हसत सुटते. अजून हातात धरली नाही मी तिला.

हे विमानतळावर येणार नाहीत. म्हणाले, तिथे मी ओरडेन. नर्सबाईच्या आईने सांगितलं, ती रोज संध्याकाळी येऊन ह्यांच्याकडे बघून जाईल. ह्यांना तिचं बोलणं ऐकू येणार नाही, तिला ह्यांचं ऐकावंच लागेल. बरं जमेल.

टॅक्सी मायलेकीच आणणार आहेत. खालून हॉर्न देणार नाहीत, शेजारपाजारला कळायला नको. दोघी वर येऊन बॅग घेणार आहेत. गुरुवारी, दुपारी चार वाजता.